उपवासाचे ताट आणि तारुण्यपीटिका

आषाढी एकादशीस चातुर्मासाचा आरंभ होतो आणि वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेतही घरोघरी साबुदाणा भिजू लागतो. याच काळात वयात आलेल्या लेकीच्या मुखावर मुरुमे उठली, की वडीलधारी मंडळी तिच्या तेलकट-तिखट खाण्यास बोल लावतात. हा बोल कितपत यथार्थ आहे, हे आम्ही येथे पाहू इच्छितो.

सुश्रुतसंहितेत या विकारास ‘मुखदूषिका’ म्हटले असून, तरुणांच्या मुखावरील या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. कफ, वात व रक्त ही त्यांची कारणे तेथे सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकानुसार वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवतात, रंध्रे बुजतात व दाह होतो. ताटातील तेल चेहऱ्यावर उतरते, असे मात्र नव्हे.

मग आहाराचा संबंधच नाही काय? आहे, परंतु तो निराळा. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ ज्यांनी कमी केले, त्यांची मुरुमे अधिक ओसरली. अशा पदार्थांनी इन्शुलिन वाढते व तैलग्रंथींना उत्तेजन मिळते, अशी त्याची मीमांसा आहे. दुधाविषयीचा निष्कर्ष अद्याप निर्विवाद नाही.

आता उपवासाचे ताट पाहावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. जोडीस बटाटा आणि साखर! ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडली नाही. वर्धेनजीकच्या सेवाग्रामी महात्मा गांधी १९३६ साली राहावयास आले. त्यांच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हेही एक व्रत होते. उपवासाचे मर्म तरी याहून वेगळे काय? खिचडी बेताची घ्यावी. दाण्याची आमटी, काकडी, ताजी फळे यांस ताटात अधिक स्थान द्यावे.

तथापि केवळ पथ्याने सर्वांचीच मुरुमे जातील, असे नाही. ती फोडू नयेत. व्रण कायमचे राहतात. मुरुमे मोठी वा दुखरी असल्यास त्वचारोगतज्ज्ञास विनाविलंब दाखवावे. हळदीकुंकवास जाण्यासही संकोचणाऱ्या लेकीस सर्वांदेखत टोचून बोलू नये. तो तिचा अपराध नव्हे, वयाचा धर्म आहे. व्रताच्या दिवशी जिभेचा संयम पाळावयाचा, तो खाण्यात तसाच बोलण्यातही पाळावा.