सही कोणाची?

संप म्हटला की मोर्चे, घोषणा आणि बंद दरवाजे डोळ्यांपुढे येतात. पण मालक-मजुरांच्या बोलण्यांचा श्रीगणेशा होतो तो एका साध्या कागदाने. लग्नाच्या बोलण्यांआधी मुलीची पत्रिका जाते ना, तसेच हे! आणि पत्रिका घरच्या वडीलधाऱ्यानेच पाठवायची असते. शेजाऱ्याने नेऊन चालत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांचेच पाहा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने रीत घालून दिली होती. पगार, कामाचे तास, रजा यांत फरक हवा, तर कामगारांच्या प्रतिनिधीने मालकाला ठराविक नमुन्यात ‘बदलाची नोटीस’ द्यायची आणि तिच्या प्रती सरकारी समेट अधिकाऱ्यांकडे व रजिस्ट्रारकडे धाडायच्या. ७ दिवसांत, किंवा उभयतांनी ठरविलेल्या मुदतीत, जमले तर करार नोंदवायचा; न जमले तर प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे.

मात्र एका भागात, एका धंद्यात प्रातिनिधिक संघटना एकच. गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर संपावर गेले. माणसे एकीकडे, सहीचा अधिकार दुसरीकडे! सामंतांशी करार झालाच नाही; हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने अनेक संघटना असतील तेथे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ही कसोटी लावली. तेव्हा घरात कोणी युनियनचा सभासद असेल, तर ‘मागण्या कोणत्या?’ या प्रश्नाआधी ‘सही कोणाची?’ हे अवश्य विचारावे.