नाकावरची चाळीस वर्षं

सांगलीत विश्रामबागेत एका काकूंनी बंगल्याच्या व्हरांड्याला फुलाफुलांचा पडदा लावून पार्लर काढलं होतं. 1991 सालची गोष्ट. मावसबहिणीचं लग्न तोंडावर आलेलं आणि माझं बीएस्सीचं वर्ष. आयुष्यातलं पहिलं फेशियल तिथे झालं, 60 रुपयांत. आधी पातेल्यातल्या पाण्याची वाफ, डोक्यावरून टॉवेल घेऊन, सर्दीला घेतात तशी. मग काकूंनी डबीतून स्टीलची काडी काढली. तिच्या टोकाला मोहरी जेमतेम मावेल एवढी बारीक कडी. ती त्यांनी नाकाच्या पाळीवर टेकवली आणि दाबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पांढऱ्या रुमालावर निघालेला ऐवज त्यांनी मला मोठ्या अभिमानाने दाखवला: शेवयांच्या चुऱ्यासारखे पिवळट तुकडे, काहींचं एक टोक काळं. “बघ किती घाण साठली होती!”

त्यानंतर काचेची एक कांडी आली. आत जांभळा उजेड, चेहऱ्याला टेकली की चट्‌चट् आवाज, आणि वळवाच्या पावसात वीज कोसळल्यावर येतो तसा वास. तो ओझोनचा, हे मी पुढे वर्गात शिकवलं. शेवटी रुमालात गुंडाळलेला बर्फ. का, तर वाफेने उघडलेली रंध्रं मिटायला हवीत ना!

लग्नाच्या फोटोत नाक चकचकीत दिसतंय, नाही असं नाही. सोळावं सरलं, मांडव उतरला, आणि नाक होतं तिथे परत आलं.

या नाकाशी माझी झटापट सुरू झाली 1985 साली, तेराव्या वर्षी. म्हणजे चाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात चेहऱ्यावर काय काय लावलं याची यादी केली तर वाण्याच्या दुकानापासून जयपूरच्या कारखान्यापर्यंत जाईल. पण यातल्या बहुतेक उपायांच्या मुळाशी समजूत एकच होती. रंध्र म्हणजे दार, त्याच्यामागे कचरा साठतो, दार उघडायचं, झाडून काढायचं आणि लावून घ्यायचं. उघडझाप करायला लागणारा स्नायूच रंध्राला नाही. वाफेने वरची त्वचा मऊ पडते, चरबी थोडी सैलावते, बर्फाने सूज आणि लाली काही मिनिटं उतरते. बाकी भोक जेवढं असतं तेवढंच राहतं.

सुरुवात अर्थातच स्वयंपाकघरात झाली. आजीचं पहिलं निदान, “तळकट खाणं बंद.” दुसरं, डाळीचं पीठ आणि साय. काष्ठौषधीच्या दुकानातून मुलतानी मातीची ढेकळं यायची, ती रात्रभर गुलाबपाण्यात भिजायची. लेप वाळला की तोंड हलवायची बंदी, आणि नेमका तेव्हाच धाकटा भाऊ समोर उभा राहून माकडचेष्टा करायचा. हसले की गालावर भेगा. या मातीला दोष देणार नाही. वरवरचं तेल ती खरंच शोषते आणि दुपारपर्यंत चेहरा हलका वाटतो. संध्याकाळी तैलग्रंथींनी आपलं काम पुन्हा केलेलं असतं. जायफळ दुधात उगाळून लावलं ते निरुपद्रवी होतं. लिंबू मात्र नव्हतं. लिंबाचा रस लावून उन्हात कपडे वाळत घालायला गेले, आणि हनुवटीवर जो काळा डाग पडला तो दिवाळीपर्यंत मुक्कामाला होता. लिंबाच्या सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांना ऊन लागलं की त्वचा भाजते, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक असणार?

दिवाळीचं अभ्यंग तर तेलानेच सुरू होणार. आधी तिळाचं तेल अंगभर जिरवायचं आणि मग कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद घातलेलं उटणं लावून ते काढायचं. अंगाला हा सोहळा उत्तम. तोंडाला तेल लावू नको म्हटलं तर आजी म्हणायची, “तोंड काय अंगाबाहेरचं आहे?”

आजीच्या आधीच्यांनीही या दुखण्याकडे पाहिलं होतंच. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत ते ‘मुखदूषिका’ या नावाने येतं. तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या या पुटकुळ्यांना तिथे शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचं खोड जवळून पाहिलेल्या माणसाला ती पटेल: बुंध्याशी रुंद, वर निमुळते, खोडातूनच फुटलेले काटे. उपाय म्हणून वेखंड, लोध्र यांचे लेप. पुढच्या काळात या काट्याचं भोक झालं आणि भोकाचं घाणीचं कोठार. निदान निरीक्षणाच्या बाबतीत तरी ही मला घसरगुंडी वाटते.

आईच्या कपाटात मात्र स्नो होता. ‘स्नो’ हे आमच्याकडे सामान्यनाम. पावडर-स्नो लावून तयार होणे हा एक वाक्प्रचारच. त्यातला अफगाण स्नो खास मुंबईचा; इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी तो 1919 साली बाजारात आणला. हे स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. स्टिअरिक आम्लाचा थोडा भाग अल्कलीने उदासीन करायचा, झालेल्या साबणाच्या आधाराने उरलेलं आम्ल पाण्यात बारीक पसरतं. चोळलं की दिसेनासं होतं आणि मागे मंद झाक ठेवतं. अकरावी-बारावीच्या मुलांना साबण शिकवताना मी हे उदाहरण हमखास देत असे. मग विको. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली परळला सुरू केलेला धंदा, आणि त्यांचं हळदीचं क्रीम. ते औषध की सौंदर्यप्रसाधन यावरून कर खात्याशी झालेलं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आमच्या घरी हा वाद कधी झालाच नाही. हळद आहे ना, मग औषधच.

आता जरा दूरची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिथून आलं. फिलाडेल्फियातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या प्रयोगांतून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालतं हे दिसलं आणि 1971 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रंध्रात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून जो बूच तयार होतो, तो मुळात होऊच न देणारं हे औषध. काडीने उकरण्यापेक्षा कितीतरी शहाणा विचार. पण याच क्लिगमननी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर वीसेक वर्षं नाना प्रयोग केले, तेही पुढे उघड झालं. आपल्या नळीतलं शहाणपण कुणाच्या पाठीवरून आलं, हे माहीत असलेलं बरं.

सौंदर्यप्रसाधनांमुळेच पुटकुळ्या येऊ शकतात हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात मांडलं. तपासणी व्हायची सशाच्या कानात. द्रव्य कानाच्या आत लावायचं आणि रंध्रं बुजतात का ते पाहायचं. त्यातून शून्य ते पाच अशी गुणपत्रिका तयार झाली, आणि आमच्या कोकणातल्या नातेवाइकांचं लाडकं खोबरेल चारवर जाऊन बसलं. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार हळवा असतो, त्यामुळे ती गुणपत्रिका शब्दशः घेण्यात अर्थ नाही. तरीपण कपाळावर, केसांच्या कडेने येणाऱ्या बारीक पुळ्यांचं कोडं मला तिथे सुटलं. रोज रात्री डोकं चोपडून वेणी घालणारी मी, तेल उशीवर आणि उशी कपाळावर.

नव्वदीच्या शेवटी पहिल्यांदा खऱ्या डॉक्टरांकडे गेले. बेन्झॉइल पेरॉक्साइड मिळालं. मुरूम वाळले, पण रुखवतातल्या जांभळ्या टॉवेलवर नारिंगी ढग उमटले. पेरॉक्साइड रंग उडवतं हे मी शिकवत होते. टॉवेल घेताना आठवलं नाही. पुढे ट्रेटिनॉइनच्याच कुळातलं ॲडापलीन आलं. रात्री, वाळलेल्या चेहऱ्यावर, अख्ख्या तोंडाला मिळून मटाराच्या दाण्याएवढं. पहिला महिना सालपटं निघाली, दुसऱ्यात मी वैतागले, तिसऱ्यात कपाळावरचा रवाळपणा गेला. माझ्या चाळीस वर्षांत ज्याने ठळक फरक पडला असा हा एक उपाय, आणि याची जाहिरात मी कधी पाहिलेली नाही.

नाकाबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “वडिलांचं नाक कसं होतं?” मी गप्प. बाबांच्या नाकावर संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं होती. रंध्राचं माप आनुवंशिक असतं, तेल जास्त तर ते रुंद दिसतं, आणि वय वाढून त्वचेचा ताण सैलावला की आणखी. नाकावर जे करडे ठिपके दिसतात ते बहुधा ब्लॅकहेडही नसतात. रंध्राला आतून अस्तर असावं तसे ते तेलाचे आणि पेशींचे तंतू. काढले तर महिन्याभरात जागेवर. आणि खऱ्या ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नाहीच. मेलॅनिन असतं आणि हवा लागून रंग गडद होतो. काकूंच्या रुमालावरची ‘घाण’ म्हणजे माझ्या नाकाचा रोजचा व्यवहार होता.

हे कळूनही मी 2001 साली दुबईहून आलेल्या पट्ट्या लावल्याच. जपानच्या काओ कंपनीने 1996 साली काढलेला हा प्रकार. ओल्या नाकावर पट्टी चिकटवायची, कडक वाळली की ओढायची. पट्टीवर इवल्याशा सुळक्यांचं रान उगवलेलं असतं. घरातल्या सगळ्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, नवऱ्याने तर चष्मा लावून. कितीही पटत नसलं तरी त्यातला आनंद खोटा नव्हता. अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब, संत्र्याचा पील-ऑफ, नंतरचा कोळशाचा काळा मास्क, यांच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. नाक लाल झालं.

एक प्रकरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही. नात्यातल्या एकीने मेडिकलच्या दुकानातून, कुणाच्या तरी सांगण्यावरून, एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा नितळ आणि उजळ. सगळ्या बायकांनी नाव लिहून घेतलं. वर्षभरात गालांवर लाल शिरांचं जाळं, ओठांवर लव, उन्हात गेलं की आग. ट्यूब थांबवली की पुटकुळ्यांचा उद्रेक, म्हणून पुन्हा ट्यूब. त्यात दोन औषधांच्या जोडीला स्टेरॉइड होतं. अशा तिहेरी मलमाचं मूळही क्लिगमनच्याच 1975 सालच्या एका सूत्रात आहे. डागांवर, मोजक्या दिवसांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं ते. आपल्याकडे ते रोजचं क्रीम झालं. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं आरडाओरडा केल्यावर 2018 साली सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तिला सावरायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात ती एकाही हळदीकुंकवाला गेली नाही.

मग 2020 आलं. मास्कखाली नाक आणि हनुवटी घामेजून सगळ्यांनाच पुळ्या आल्या, आणि घरी बसलेल्या मुलीच्या टेबलावर ड्रॉपरच्या बाटल्या. जयपूरची मिनिमलिस्ट ही कंपनी त्याच वर्षीची. बाटलीवर नाव कमी आणि टक्केवारी जास्त: नायसिनमाइड 10, सॅलिसिलिक 2. मला, खरं सांगायचं तर, हा बदल आवडला. माझ्या आईला स्नोच्या डबीत काय आहे ते कधीच कळलं नाही. सॅलिसिलिक आम्लाला नाव मिळालं ते सॅलिक्सवरून, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळावरून. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलकट रंध्रात शिरतं आणि बूच सैल करतं. आणि हे काही नवलाचं नाही. आजोबांच्या गजकर्णाच्या मलमात तेच होतं आणि पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीतही तेच. फक्त त्या डबीचा कुणी फोटो काढत नव्हतं.

फोटो हीच खरी अडचण. आमच्या घरात एक आरसा होता, तोही पारा उडालेला, मोरीजवळ. मुलगी फोन हातभर अंतरावर धरते, चेहरा पडद्यावर मोठा करते आणि एकेक रंध्र मोजते. एवढ्या जवळून काढलेल्या सेल्फीत नाक आहे त्याहून मोठंच दिसतं, हे तिला दोनदा सांगून झालं. सौम्य फेसवॉश दोनदा, रात्री थोडं सॅलिसिलिक एकाआड एक दिवस, दिवसा सनस्क्रीन, हे ती करते ते ठीकच आहे. मी रागाने चेहरा खसाखसा धुतला तर म्हणते, “आई, तुझं बॅरिअर डॅमेज होईल.” आजीने हेच “कातडं सोलवटशील” असं म्हटलं असतं.

गेल्या महिन्यात तिने पाच काड्यांचा संच मागवला, चामड्याच्या पाकिटात, टोकाला तीच बारीक कडी. एकदा वापरला, दोन दिवस नाकावर व्रण घेऊन ऑफिसला गेली आणि संच माझ्या ओट्यावर आला. त्यातल्या सगळ्यात बारीक काडीने मी गॅसच्या बर्नरची भोकं साफ करते. दूध उतू जाऊन त्यात खरोखरच काजळी साठते. निघते, आणि ज्योत पुन्हा निळी येते.