चौथ्या किकनंतर

मामांची आरएक्स १०० चौथ्या किकला सुरू झाली आणि गल्लीतली पोरं नाचायला लागली. अकरा वर्षं पडवीत पोत्याखाली उभी असलेली गाडी. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, ताजं पेट्रोल ओतलं, झालं! मामा बसले आणि घरापुढच्या उतारावर निघाले. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकली. मागचा दाबला तर खर्रकन आवाज होऊन चाक जाम झालं. गाडी आडवी होत शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरली.

‘‘इंजिन एवढं गोड वाजतंय, मग या ब्रेकला काय धाड भरली?’’ गुडघ्याची माती झटकत मामा म्हणाले.

ही गाडी एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने १९८५ मध्ये आणली. १९९६ पर्यंत ती बनत होती. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती आणि अंग हलकं. तिच्यावर जीव टाकणारे आजही तिच्या आवाजाबद्दल अर्धा तास बोलतील. ब्रेकच्या ड्रमबद्दल अवाक्षर नाही. इंजिन रुसलं तर गाडी जागची हलत नाही, एवढंच. ब्रेकचं दुखणं मात्र ती हलल्यावरच कळतं. म्हणून चाकं आधी उघडावीत, किक नंतर मारावी. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

मागचं चाक उतरवलं. ड्रममध्ये चंद्रकोरीसारखे दोन शू असतात. एका टोकाला ते खुंटीवर टेकतात, दुसऱ्या टोकाला त्यांच्यामध्ये कॅम असतो. पायाखालचा दांडा ओढला की कॅम फिरतो, शू फाकतात आणि त्यांचं लायनर ड्रमला घासतं. चाकाच्या फिरण्याबरोबर उघडणारा शू ड्रमसोबत ओढला जाऊन आपणहून आणखी घट्ट बसतो. दुसऱ्याला ड्रम मागे लोटतो. पाय उचलला की दोन स्प्रिंगा शूंना जागेवर आणतात.

आमच्या एका शूवरचं लायनर डिंक सुटलेल्या पाकिटासारखं उचललं गेलं होतं. शूला ते चिकटवलेलं असतं, आणि वर्षानुवर्षांच्या ओलीने तो चिकटपणा मरतो. खर्रकन अडकलं ते हेच. जाड दिसतंय म्हणून जुना शू पुन्हा घालू नये, तो यासाठी. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसावी. ड्रमवरचा पातळ गंज पॉलिश पेपरने निघतो. पण ड्रम आतून अंडाकृती झाला असेल तर लेथवर न्यावा लागतो, तोही किती खरवडायचा याला मर्यादा असते.

शू सगळेच बदलतात. माझं म्हणणं बाकीच्या चिल्लर सामानाबद्दल आहे. स्प्रिंगा सैल पडल्या की शू पूर्ण मागे येत नाहीत, ड्रम तापत राहतो. कॅम सुकला की ब्रेक लागतो, पण सुटत नाही. त्याच्या दांड्याला ग्रीस लावायचं ते बोटाच्या टोकाएवढंच. जास्त झालं तर वितळून लायनरवर येतं, आणि ग्रीस प्यालेलं लायनर पेट्रोलने कितीही धुतलं तरी भरवशाचं राहत नाही.

कॅमच्या बाहेरच्या लिव्हरला दाते असतात. आमची लिव्हर कुणीतरी एक दाता मागे सरकवून बसवली होती. लायनर झिजलं की ब्रेक ‘वर’ आणायची ही जुनी चलाखी. त्याने पायाला ब्रेक चांगला लागतो, पण आत कॅम जवळपास आडवा झालेला असतो. तसाच अडकला तर शू फाकलेलेच राहतात. ब्रेक दाबल्यावर लिव्हर आणि दांडा यांच्यात साधारण काटकोन हवा. त्याच्या फार पुढे गेला तर शू बदलायचे, दाता नव्हे.

नवे शू बसवताना मदतीला बोलावलेल्या मेस्त्रींनी दोन्ही स्प्रिंगा आधीच अडकवल्या, जोडी अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखी धरली, टोकं खुंटीवर आणि कॅमवर टेकवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. टक्. पेचकसाने स्प्रिंग ताणत बसलो असतो तर माझी दोन बोटं नक्की सोलली असती.

पुढच्या ब्रेकची वायर निपलपाशी तीन धाग्यांवर आली होती. तिथे तेलाचा उपयोग नाही. अख्खी वायर नवी. पुढचं चाक चढवताना ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसली पाहिजे. मागे तेच काम एक पट्टी करते. तिचा बोल्ट निसटला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरायला जाते, दांडा वाकतो आणि चाक जाम. त्या बोल्टच्या नटाला आडवी स्प्लिट पिन असते. आमच्या गाडीत तिच्या जागी बांधकामाची तार पिळलेली होती.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, लहानांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा. मामांच्या गाडीला त्या पिनेशिवाय कुणी वाली नाही.

शेवटी पायाच्या ब्रेकला दोनेक सेंटिमीटर खेळ ठेवला. नवे शू मधोमधच टेकतात, पूर्ण बसायला काहीशे किलोमीटर जातात, तोवर सांभाळून. मामा पुन्हा बसले, पण निघेनात. मला मागे उभं केलं, पाय दाबला.

‘‘लाल दिवा लागतोय का रे?’’

लागत नव्हता. ब्रेकच्या स्विचची करंगळीएवढी स्प्रिंग जमिनीवर, पान्यांच्या डब्याशेजारी पडली होती.