कोयता एक, माणसं दोन

मुकादमाच्या वहीत बाईचं नाव नसतं. तिथे कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी एकटाच असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्याला, खाडा झाला की पैसे कापले जातात तेही कोयत्याचे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या ज्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर आणि थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्यांचा हिशेब पिढ्यानपिढ्या असाच मांडला गेला. माणसं मोजायची ही एक रीत. दुसरी रीत सरकारची. तिथे मोजलं जातं ते घर: भिंत कसली, छप्पर कसलं, शौचालय आहे का, काल रात्री घरात कोण झोपलं होतं. गेली तीस-पस्तीस वर्षं हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालू आहेत आणि ऊस तोडणारी बाई दोन्हींमध्ये सांडत आली आहे. २०१९ मध्ये ती एकाएकी आकड्यांत उमटली. त्याआधी ती कुठे होती, हे शोधायला बरंच मागे जावं लागतं.

‘सामाजिक वगळणूक’ हा शब्द आता अहवालांत रुळला आहे. त्याचा उगम साधारणपणे १९७४ मध्ये फ्रान्सच्या रने लन्वार यांनी ‘वगळलेल्या’ माणसांवर लिहिलेल्या पुस्तकाशी जोडतात. मराठी माणसाला त्यासाठी पॅरिसला जायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. गावकुसाबाहेरचं जगणं काय असतं हे आपल्याकडे शब्दात होतं, कायद्याच्या लढाईत होतं. नव्हतं ते मोजपट्टीत. आरोग्याच्या आकड्यांतून बहिष्कार मोजता येतो, कोणाचं मूल दगावतं आणि कोणाचं जगतं यातून समाजाची रचना वाचता येते, हा विचार जगभर मान्य व्हायला जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा २००८ चा अहवाल यावा लागला. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे माहितीचे ढीग साचायला लागले होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे हे काम तेव्हापासून आहे. या सर्वेक्षणात कुटुंबाची मिळकत विचारत नाहीत. विचारली तर खरं उत्तर मिळण्याची शक्यता कमी. त्याऐवजी घरात काय काय आहे याची यादी करतात: सायकल, पंखा, दूरदर्शन संच, पक्की भिंत, जनावरं, जमीन. त्यावरून कुटुंबांची गरिबीपासून श्रीमंतीपर्यंत पाच पायऱ्यांत विभागणी होते. हा संपत्ती-निर्देशांक आज जगभर वापरला जातो. फिल्मर आणि प्रिचेट या दोन अर्थतज्ज्ञांनी तो ज्या गाजलेल्या निबंधात मांडला, त्यासाठी त्यांनी भारताच्या याच पहिल्या फेरीची माहिती वापरली होती.

पण ही पट्टी बीडला लावून बघा. पाटोदा किंवा धारूर तालुक्यातलं एखादं ऊसतोड कुटुंब घ्या. गावात दोन खोल्या, त्याही पक्क्या, उचलीच्या पैशातून बांधलेल्या. दारात बैलजोडी, कदाचित एक मोटारसायकल. बाहेर योजनेतून मिळालेलं शौचालय. यादीवर खुणा करत गेलं तर हे कुटुंब तळाच्या पायरीवर पडणारही नाही. आणि हेच कुटुंब वर्षातले पाच-सहा महिने पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहतं. तिथे दिवा नाही, शौचालय नाही, न्हाणीला आडोसा नाही. पाणी असेल तिथून आणायचं. बाई पहाटे चारच्या आधी उठते, भाकरी थापते, फडात जाते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहते आणि गाडी कधी भरायची हे कारखाना ठरवतो म्हणून रात्री-बेरात्रीही भराईला उभी राहते. गावातल्या घराला त्या काळात कुलूप असतं. यादीतलं शौचालय त्या कुलपाआड असतं.

म्हणजे पाहणी गावातल्या घराची होते आणि जगणं घडतं ते त्या घरापासून तीनशे किलोमीटरवर. सर्वेक्षणवाले कुलूप पाहून पुन्हा चकरा मारतात, तरी कोणी भेटलं नाही तर तसं नोंदवतात. टोळ्या गावी असताना पावसाळ्यात पाहणी झाली तर बाई भेटते, उत्तरंही देते. पण तिची नोंद ‘शेतमजूर’ अशी होते. फडातला हंगाम तिच्या उत्तरांत शिरायला जागाच नसते.

जातीचा रकानाही असाच गाळतो. बीडच्या टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत, कोरडवाहू शेतीवर न भागणारे मराठेही आहेत. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा हे विमुक्त जातींत आणि वंजारी हे भटक्या जमातींच्या ‘ड’ गटात येतात. केंद्राच्या यादीत दोघेही इतर मागासवर्गीय. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालातले तक्ते अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि बाकीचे अशा चार खणांचे. त्यामुळे तांड्यावरची लेकुरवाळी आणि बऱ्यापैकी बागायत असलेल्या घरातली बाई एकाच खणात जाऊन बसते, आणि त्या खणाची सरासरी दोघींबद्दल काहीच सांगत नाही. विमुक्त-भटक्यांची धड मोजणीच नाही हे दुखणं बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये देशापुढे मांडलं. पुढे भिकूजी इदाते यांच्या आयोगालाही तेच मांडावं लागलं. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातले, हा योगायोग मला वाटत नाही.

बीडकडे देशाने पहिल्यांदा आकड्यांमुळे पाहिलं ते २०११ च्या जनगणनेनंतर. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८९४ होता. पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, परळीतल्या एका खासगी रुग्णालयात अवैध गर्भपाताच्या वेळी एका बाईचा मृत्यू झाला आणि जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांचा हिशेब मागितला जाऊ लागला. एक आकडा किती हलवू शकतो हे बीडने तेव्हा पाहिलं. तरी त्या जनगणनेतही एक मोठी खोच होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माणसं मोजली गेली ती ९ ते २८ फेब्रुवारीला, म्हणजे गाळप ऐन भरात असताना. त्या वीस दिवसांत जो जिथे होता तिथेच त्याने मोजलं जाणं अपेक्षित होतं. जिल्ह्याची लोकसंख्या भरली २५ लाख ८५ हजार. फडात असलेले बीडकर त्यात नाहीत. ते सांगली-कोल्हापूरच्या खात्यावर गेले असतील किंवा उसाच्या पाचटात राहिले असतील.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने जिल्हावार आकडे द्यायला सुरुवात केली ती २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून. त्याच फेरीत आणखी एक प्रश्न नीट, थेट विचारला गेला: गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणत्या वयात, कुठे, कशासाठी. १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचं प्रमाण आलं ३.२ टक्के. सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांतल्या होत्या. महाराष्ट्राचा आकडा देशाहून खाली होता, म्हणून राज्य निर्धास्त राहिलं.

गावात मात्र ही गोष्ट कुजबुजीची नव्हती. बायका सहज सांगत, ‘पिशवी काढली.’ अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पाळीत रक्त थांबत नाही, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जायची. तिला कॅन्सरचं भय घातलं जायचं. फडात पाळीचे चार दिवस म्हणजे काय, हे तिला ठाऊक असायचं: कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, आणि घरी बसलं तर खाडा. पिशवी काढली की ही कटकट संपते, हा सल्ला डॉक्टरचा, मुकादमाचा, कधी सासूचा आणि शेवटी तिचा स्वतःचाही व्हायचा. शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा उचलीतूनच. म्हणजे पिशवी काढण्यासाठी घेतलेले पैसे फेडायला पुढचा हंगाम ठरलेला. पिशवीबरोबर बीजकोशही गेले की तिशी-पस्तिशीतच हाडं दुखू लागतात, धडधड वाढते, मोळी उचलवत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये हे वृत्तपत्रातून देशासमोर आलं. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याला जाब विचारला. जूनमध्ये विधिमंडळात प्रश्न आला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि टोळ्या गावी असतानाच, पावसाळ्यात, जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांना विचारलं. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी गेल्या दहा वर्षांत काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा.

या सतराची तुलना देशाच्या ३.२ शी लगेच करायचा मोह होतो, आणि तशी ती ठिकठिकाणी झालीही. ती जपून करायला हवी. राष्ट्रीय आकड्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही आहेत. दोन्हींची वयाची घडण सारखी नाही. पण वयाचा फरक कितीही वजा केला तरी एवढी मोठी दरी त्यातून भरून निघत नाही. मला या पाहणीत सगळ्यांत मोलाची वाटते ती तिची साधी युक्ती. तिने घर निवडलं नाही, काम निवडलं. ‘या घरात कोण राहतं’ याऐवजी ‘ऊस तोडायला कोण जातं’ असं विचारलं. मुकादमाच्या वहीतला कोयता फोडून त्यातली बाई वेगळी काढली. जिल्हा तोच, आशाताई त्याच, बायका त्याच. मोजण्याचं एकक बदलल्याबरोबर सरासरीत विरलेली माणसं दिसायला लागली.

अमर्त्य सेन यांनी २००० मध्ये सामाजिक वगळणुकीवर लिहिताना एक भेद केला होता: काहींना बाहेर ठेवलं जातं आणि काहींना आत घेतलं जातं, पण अशा अटींवर की ते आत असणंच त्यांना खातं. ऊसतोड बाई साखर उद्योगाच्या बाहेर नाही. तिच्या कोयत्याशिवाय राज्यातला एकही गाळप हंगाम उभा राहत नाही. ती पुरेपूर आत आहे, आणि ना कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, ना भविष्य निर्वाह निधीत, ना बाळंतपणाच्या रजेत. कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसं पुरवतो. अशा बहिष्काराला गावकूस नसतं, म्हणून तो शोधायलाही अवघड जातो.

समितीच्या चौकशीनंतर काही हललं. खासगी रुग्णालयात गर्भाशय काढायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कागदावरून कामाला लागलं आणि कामगारांची नोंद, ओळखपत्रं हे शब्द ग्रामपंचायतीत ऐकू येऊ लागले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या याचिकेवर निकाल देताना सगळ्याच राज्यांना देखरेखीची व्यवस्था उभी करायला सांगितलं. राजस्थानातल्या दौसाचं अशाच शस्त्रक्रियांचं प्रकरण त्याआधी दशकभर गाजत होतं. बीड एकटं नव्हतं.

सर्वेक्षणाची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ च्या उत्तरार्धात झाली. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. अहवालात शिक्षण, उत्पन्न, परंपरा अशी नेहमीची कारणं शोधता येतात. माजलगाव-गेवराईकडचा माणूस वेगळं सांगेल. आईबाप सहा महिने फडात, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर कोपीला दार नाही. आणि लग्न झालं की मुलाचा अर्धा कोयता पूर्ण होतो, उचल वाढते. ४३.७ मागे मुकादमाच्या वहीतलं ते एकक उभं आहे.

२०२५ मध्ये जिल्ह्याच्या आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे वर्तमानपत्रांत आले. फडावर जाणाऱ्यांपैकी ८४३ बायकांची पिशवी काढलेली, त्यातल्या ४७७ तीस ते पस्तीस वयाच्या. १,५२३ जणी गरोदर असताना ऊस तोडत होत्या. सहा वर्षांपूर्वीच्या तेरा हजारांशी हा आकडा थेट ताडून पाहता येत नाही, कारण दोन्ही मोजण्यांची रीत आणि काळ वेगळे आहेत. पण गरोदर बायकांचा आकडा निघतो हेच नवं आहे. त्या आधीही फडात होत्या. तेव्हा त्यांना कोणी त्या कामावर असताना विचारलं नव्हतं.

पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. या वेळी प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे, त्यामुळे विमुक्त-भटक्यांचे खण पहिल्यांदाच नीट भरतील अशी आशा पुष्कळांना आहे. महिना मात्र तोच आहे. ऊस उभा असेल, टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे असतील, शिरूर आणि वडवणीच्या वस्त्यांत म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं असतील. प्रगणकाला कोपीवर जायचं असेल तर पहाटे चारच्या आत जावं लागेल, नाहीतर रात्री, चूल पेटल्यावर. आणि तिथे गेल्यावर कोयते किती आहेत हे विचारून चालणार नाही.