शहर-बससेवेचें दप्तर आणि तिची सुधारणा

प्रस्तुत विषय या त्रैमासिकाच्या कक्षेंत येत नाहीं, असें पुष्कळ वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. पोथ्या, सनदा, महजर व शकावल्या यांत रमणाऱ्या मंडळींस बसच्या वेळापत्रकाशीं काय कर्तव्य, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर असें कीं, बससेवा ही दप्तरावर चालणारी संस्था आहे. आणि ती बिघडते तीहि पुष्कळदां दप्तर नीट न वाचल्यामुळें. कागद कसा वाचावा, त्याचा काळ कसा ठरवावा, एका कागदाचा दुसऱ्याशीं मेळ कसा घालावा, हें ज्यांस अवगत आहे त्यांस मध्यम शहरांतील बससेवेचें कोडें इतरांहून लवकर उमगेल, अशी आमची समजूत आहे. शिवाय आमच्या संशोधनकार्याशीं या प्रश्नाचा जो प्रत्यक्ष संबंध आहे, तो पुढें ओघानें येईल.

(१) पूर्वपीठिका

मोटारगाड्यांसंबंधींचा सर्व देशास लागू असा पहिला कायदा १९१४ सालचा. त्यानंतर बराच काळ उतारूंची वाहतूक खाजगी मालकांच्या हातीं होती. मोटारी व आगगाडी यांच्यांतील चढाओढीची चौकशी करून मिचेल व कर्कनेस यांनीं १९३३ सालीं अहवाल दिला, आणि १९३९ सालच्या कायद्यानें परवान्यांची पद्धति दृढ झाली. पुढें मुंबई सरकारनें ही वाहतूक स्वतःच हातीं घेतली व १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ सालीं आजचें महामंडळ अस्तित्वांत आलें.

शहरांतल्या शहरांत चालणाऱ्या बससेवेचे मात्र दोन प्रवाह झाले. कोल्हापूर व सोलापूर येथें नगरसंस्थांनीं आपले स्वतंत्र परिवहन उपक्रम चालविले. सांगली-मिरज, रत्नागिरी येथें तें काम एस.टी.नें केलें. नाशकास प्रथम एस.टी. होती, २०२१ सालापासून महापालिकेच्या परिवहन महामंडळानें ही सेवा हातीं घेतली.

या प्रवाहांच्या मुळाशीं असलेल्या दोन कायदेशीर लेखांकडे वाचकांचें लक्ष वेधावेसें वाटतें. १९५० सालच्या परिवहन-महामंडळ-कायद्याचें १८ वें कलम कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची व सुसंबद्ध सेवा पुरविणें हें महामंडळाचें कर्तव्य ठरवितें. २२ वें कलम त्यानें व्यापारी तत्त्वांवर वागावें असें सांगतें. ‘पुरेशी’ आणि ‘व्यापारी’ या दोन शब्दांचें भांडण आजतागायत मिटलेलें नाहीं. दुसरा लेख राज्यघटनेचा. १९९२ सालच्या ७४ व्या दुरुस्तीनें जोडलेल्या बाराव्या अनुसूचींत नगरसंस्थांचे विषय सांगितले आहेत. त्यांतील १७ व्या नोंदींत रस्त्यावरील दिवे, वाहनतळ यांजबरोबर बसथांब्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, बससेवेचा नाहीं. म्हणजे जेथें सेवा एस.टी.ची तेथें थांबा एकाचा व गाडी दुसऱ्याची. आणि थांब्यावर वेळापत्रकाचा फलक कोणीं लावावा, हें कोणाचेंच काम राहत नाहीं.

(२) अस्सल आणि गोषवारा

बससेवेचा अस्सल कागद म्हणजे वाहकाचें वेबिल. पूर्वीं पेटींतील तिकिटांचे आरंभींचे व शेवटचे अनुक्रमांक वाहक टप्प्याटप्प्यावर त्यांत लिहीत असे. त्यावरून कोणत्या फेरीस, कोठें, किती उतारू चढले हें निघे. आतां तिकीट यंत्रांतून निघतें व तीच माहिती यंत्रांत सांठते. लेखनाचें साधन बदललें. साधनाची जात बदलली नाहीं.

परंतु वरिष्ठांच्या मेजावर येतो तो अस्सल कागद नव्हे, तर त्याचा मासिक गोषवारा. त्यांत दोन आंकडे प्रमुख असतात : दर किलोमीटरचें उत्पन्न आणि भारमान, म्हणजे देऊं केलेल्या जागांपैकीं शेंकडा किती भरल्या तें प्रमाण. गोषवाऱ्यावरून इतिहास लिहिणारा जसा फसतो, तसाच गोषवाऱ्यावरून फेऱ्या ठरविणाराहि फसतो. सकाळीं सातच्या गाडींत विद्यार्थी दाटीवाटीनें येतात व तीच गाडी आठ वाजतां रिकामी परतते. दोहोंची सरासरी काढली तर भारमान निम्म्याच्या आसपास येतें. दाटीची दाद लागत नाहीं, आणि परतीची फेरी मात्र ‘तोट्याची’ ठरते. वस्तुतः त्या दोन फेऱ्या हें एकच काम आहे.

(३) अंतराचा हिशेब

सेवेचा दुसरा आधार वेळेचा. समजा, एका मार्गावर गाडीस जाण्यास ४० मिनिटें लागतात, येण्यास तितकींच, आणि दोन्ही टोकांस ५-५ मिनिटें विसांवा. एक आवर्तन ९० मिनिटांचें झालें. सहा गाड्या सोडल्या तर दर १५ मिनिटांस एक गाडी मिळेल, व वेळ न पाहतां थांब्यावर येणाऱ्या उतारूस सरासरीनें साडेसात मिनिटें तिष्ठावें लागेल.

आतां यांतील एक गाडी नादुरुस्त झाली. उरलेल्या पांच गाड्या आपल्या जुन्याच वेळांवर धांवत राहिल्या, तर एका ठिकाणीं ३० मिनिटांचें खिंडार पडतें. त्या पांचांच्या वेळा तत्काळ नव्यानें मांडल्या, तर दर १८ मिनिटांस गाडी मिळते. पहिल्या प्रकारांत लोक सेवेस शिव्या देतात. दुसऱ्यांत बहुतेकांच्या तें ध्यानांतहि येत नाहीं. याच्या उलट, सहाहि गाड्या चालू असून त्या दोन-दोनच्या जोडीनें धांवूं लागल्या, तर दर अर्ध्या तासानें दोन गाड्या एकदम येतात व सरासरी प्रतीक्षा १५ मिनिटांवर जाते. गाड्या तितक्याच, डिझेल तितकेंच, नोकरवर्ग तितकाच. सेवा मात्र निम्म्या मोलाची झाली.

आणखी एक गोष्ट. रस्त्यावर गर्दी वाढून ४० मिनिटांचा मार्ग ४७ मिनिटांचा झाला, म्हणजे आवर्तन १०४ मिनिटांचें होतें. सहा गाड्यांनीं आतां १५ मिनिटांचें अंतर राखणें अशक्य. सातवी गाडी तरी द्यावी, नाहीं तर सुमारें सव्वासतरा मिनिटांचें अंतर फलकावर प्रामाणिकपणें लिहावें. जुनेंच वेळापत्रक कायम ठेवलें तर चालकाचा विसांवा बुडतो, किंवा फेरी अर्ध्या वाटेंतून परत फिरविली जाते. तें वेळापत्रक मग बनावट कागदाच्याच योग्यतेचें समजावें.

(४) शेवटची फेरी

येथें एक स्वानुभव सांगणें प्राप्त आहे. एका प्रादेशिक शहरापासून तीन कोसांवरील गांवीं एका जुन्या घराण्याचें दप्तर असल्याचें आम्हांस कळलें. गांवापर्यंत शहराची बस जात असे. दुपारीं दोनच्या गाडीनें जावें व सायंकाळीं साडेसातच्या शेवटच्या फेरीनें परतावें, या बेतानें आम्हीं तेथें याद्या करण्यास आरंभ केला. अकरा रुमालांपैकीं चार पाहून झाले. तितक्यांत साडेसातची फेरी भारमान कमी म्हणून बंद झाली. परतीची सोय पावणेपांचपर्यंतच उरली, तेव्हां दुपारच्या गाडीचेहि उतारू घटले. कारण परत येतां येणार नसेल तर जाणार कोण? पुढल्या दोन महिन्यांत दोनची फेरीहि गेली. आम्हीहि आज-उद्यां करीत राहिलों. अखेर रिक्षा करून गेलों तेव्हां माडी उतरवून झाली होती, आणि उरलेले सात रुमाल रद्दींत वजनावर गेले होते.

दोष केवळ बसचा नव्हे. आमच्या दिरंगाईचाहि आहे, हें आम्ही कबूल करितों. परंतु यांतील कार्यकारणभाव सर्वत्र लागू पडणारा आहे. शेवटच्या फेरींत सात माणसें बसत असतील. तथापि त्या फेरीच्या भरंवशावर दिवसभरांत घराबाहेर पडणारीं माणसें कितीतरी अधिक असतात, व त्यांचीं तिकिटें निराळ्याच वेबिलांवर नोंदलेलीं असतात. शेवटची फेरी तोडणें म्हणजे पोथीचें शेवटचें पान कोरें दिसतें म्हणून फाडून टाकणें. पुष्पिका त्याच्याच पाठीवर असते. राजवाडे दप्तरांच्या शोधांत गांवोगांव पायीं हिंडले. त्यांची तपश्चर्या आमच्यापाशीं नाहीं. आज रस्ता आहे, गाडी आहे. तरी वाचनालयांत येणारा विद्यार्थी आणि दवाखान्यांतून परतणारी म्हातारी सायंकाळच्या एका फेरीवर अवलंबून आहेत.

(५) उपाययोजना

वरील विवेचनावरून कांहीं सूचना सहज निष्पन्न होतात. पहिली : कोणतीहि फेरी बंद करण्यापूर्वीं जाण्याचें व येण्याचें वेबिल जोडीनें वाचावें, आणि दिवसाची पहिली व शेवटची फेरी भारमानाच्या कसोटीबाहेर ठेवावी. दुसरी : धांवण्याचा काळ अनुमानानें न ठरवितां प्रत्यक्ष नोंदींवरून दर सहा महिन्यांनीं तपासावा, उपग्रहाच्या साहाय्यानें गाडीचें स्थान कळविणारीं यंत्रें आतां उपलब्ध असल्यामुळें हें काम पूर्वींइतकें कठीण नाहीं. तिसरी : स्थानकावरील वाहतूक नियंत्रकास बिघाडाच्या वेळीं उरलेल्या गाड्यांच्या वेळा जागच्या जागीं बदलण्याचा अधिकार असावा, वरून हुकूम येईपर्यंत खिंडार तसेंच राहतें. चौथी : ठेकेदारास केवळ किलोमीटरवर मोबदला दिल्यास त्याचें लक्ष किलोमीटरवरच राहणार, तेव्हां वक्तशीरपणा करारांतच लिहिला पाहिजे. पांचवी : जी फेरी लोकसेवा म्हणून तोटा सोसून चालवावयाची, तिचा क्रमांक व तिचा खर्च नगरसंस्थेच्या अंदाजपत्रकांत स्वतंत्र दाखवावा. ‘एकंदर तोटा’ या मोघम शब्दाखालीं उपयुक्त खर्च व उधळपट्टी दोन्ही झांकलीं जातात. १८ व्या व २२ व्या कलमांचा विरोध मिटविण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

सहावी सूचना खास आमच्या वाचकांस आहे. थांब्यांवर जीं वेळापत्रकें दिसतात त्यांवर बहुधा तारीख नसते, आणि मितीवांचून पत्राची जी किंमत तीच त्यांची. पूर्वीं किती फेऱ्या होत्या हें सिद्ध करण्यास कागद नसला, म्हणजे ‘येथें मागणी कधींच नव्हती’ हें विधान खोडतां येत नाहीं. यास्तव प्रत्येक संग्राहकानें आपल्या गांवच्या वेळापत्रकाची नक्कल वर्षांतून एकदां दिनांक घालून ठेवावी. जुनीं तिकिटें, दरपत्रकें, वेबिलें रद्दींत जाऊं लागलीं तर तीं मागून घ्यावीं. सात रुमाल गमावून आम्हांस जें कळलें, तें इतरांस एका पुठ्ठ्याच्या फाइलीच्या खर्चांत साधण्यासारखें आहे. एवढें सुचवून हें टिपण पुरें करितों.