घोड्याच्या खुराकातील कॅलरींचा हिशोब

घोड्याच्या खुराकाचा हिशोब त्याच्या वजनापासून सुरू होतो. काम नसलेल्या घोड्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ३३ किलोकॅलरी पचनीय ऊर्जा लागते; म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साधारण १६,५००. हलक्या कामावर ही गरज २०,००० पर्यंत जाते.

आधी वैरण मोजावी. वाळलेल्या गवताच्या किलोमागे २,००० किलोकॅलरी धरल्या, तर साडेसात किलोंतून १५,००० मिळतात. उरलेल्या ५,००० साठी पावणेदोन किलो ओट पुरतात. ते दोन-तीन वेळांत विभागून द्यावेत; एकदम जास्त धान्य घातले तर पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने तो जिवावर बेततो.

माप मात्र डब्याने नको, वजनकाट्यावरच हवे: मक्याचा डबा तेवढ्याच ओटच्या डब्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ऊर्जा देतो. बरगड्यांवरून अधूनमधून हात फिरवावा. त्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. दिसू लागल्या तर खुराक वाढवावा.