तात्पुरता ई-मेल पत्ता

एखाद्या संकेतस्थळावर अल्पकालीन नोंदणी करण्यापुरता घेतलेला व काम होताच सोडून दिलेला ई-मेलचा पत्ता. नेहमीच्या पत्त्यावर जाहिरातींचा भडिमार होऊ नये, हा त्यामागील हेतू. न मागितलेली जाहिरात एकाच वेळी अनेकांना धाडल्याचा पहिला ज्ञात प्रसंग १९७८ मध्ये अमेरिकेतील आर्पानेट या संगणकजालावर घडला. हॉटमेल (१९९६) या विनामूल्य सेवेनंतर एकाच व्यक्तीस अनेक पत्ते घेणे सुलभ झाले. मेलिनेटर (२००३) या सेवेत तर खाते उघडण्याचीही गरज उरली नाही.

नेहमीची टपालपेटी आधी उघडावी लागते. तात्पुरत्या सेवेचा सर्व्हर मात्र आपल्या डोमेनच्या नावे येणारे पत्र, पत्त्याच्या आरंभीचे नाव कोणतेही असले तरी, स्वीकारतो. पत्र आले की पेटी निर्माण होते आणि काही मिनिटांनी वा तासांनी मजकूर पुसला जातो. मेलिनेटरच्या सार्वजनिक पेटीस परवलीचा शब्द नसतो. तेच नाव टंकणाऱ्या कोणासही ती वाचता येते. अशी पेटी खऱ्या अर्थाने कोणाच्याच मालकीची नसते, हे वापरणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

ठाण्यातील घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता व डोंबिवली या भागांत घर शोधणाऱ्यास याचा प्रत्यय येतो. गृहप्रकल्पाचे माहितीपत्रक देण्यापूर्वी अनेक विकासकांची संकेतस्थळे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल मागतात. तेथे तात्पुरता पत्ता पुरतो. परंतु भ्रमणध्वनी क्रमांक खरा दिल्यास विक्रेत्यांचे दूरध्वनी यावयाचे ते येतातच. वस्तुतः २०१७ मध्ये स्थापन झालेल्या महारेरा या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी व पूर्णत्वाची तारीख कोणताही पत्ता न देता पाहता येते आणि माहितीपत्रकाहून ती अधिक उपयोगाची असते. ठाणे व कल्याण स्थानकांवरील रेलवायर या वायफाय सेवेस ई-मेल नव्हे, तर भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो. तेथे हा उपाय निरर्थक ठरतो.

घराची नोंदणी झाल्यावर चित्र पालटते. हप्त्यांची मागणीपत्रे, पावत्या आणि ताबा लांबल्यास महारेराकडे केलेल्या तक्रारीच्या सुनावणीची सूचना ई-मेलने येते. पत्ता नष्ट झालेला असल्यास तारीख चुकते आणि बाजू मांडण्याची संधी हुकते. रेल्वे आरक्षण, मालमत्ता कर किंवा प्रवेश परीक्षा यांच्या खात्यांबाबतही हेच घडते. परवलीचा शब्द बदलण्याचा दुवा खात्यास जोडलेल्या पत्त्यावर जात असल्याने ती पेटी उघडू शकणारा कोणीही त्या खात्याचा ताबा मिळवू शकतो.

अनेक संकेतस्थळे अशा सेवांच्या डोमेनांची यादी बाळगून नोंदणी नाकारतात. त्यामुळे आलेले पत्र खऱ्या पेटीकडे वळविणारे उपपत्ते पुढे आले. मोझिला (२०२०) व ॲपल (२०२१) यांच्या सेवा या प्रकारच्या आहेत. यात टपाल हरवत नाही व त्रासदायक उपपत्ता तेवढा बंद करता येतो. मात्र दोन्ही प्रकारांत संगणकाचा जालक्रमांक संकेतस्थळास दिसतच राहतो.

तात्पुरता पत्ता घेणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.